थेंबाबाईची साधी काच

लग्न होऊन सासरी आली, त्याच आठवड्यात तिला हे नाव पडलं. तेलाची संपलेली बाटली तिनं नव्या बाटलीच्या तोंडावर उलटी उभी केली होती आणि शेवटचा थेंब पडतो की नाही हे बघत ती ओट्याशी हाताची घडी घालून उभी होती. मोठी नणंद पाणी प्यायला आत आली. तिनं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आपल्या घरी थेंबाबाई आलीय हो! आता तळं साचायला वेळ लागणार नाही."

हौसेनं ठेवलेली नावं लोक विसरतात, खोडीनं ठेवलेली जन्मभर टिकतात. सासूबाई तिला थेंबाबाई म्हणू लागल्या, नवराही लाडात आला की तेच म्हणायचा, आणि पुढे कामावरही ते नाव कुणाच्या तरी तोंडून पोचलंच. तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. "हसा," ती म्हणायची, "संपलं की माझ्याच दाराशी याल." आणि खरंच यायचे. दोरा, सेफ्टी पिन, अर्धी मेणबत्ती, नटाशिवायचा बोल्ट, काहीही मागा, तिच्या डब्यात निघायचं.

गंमत अशी, की जिची थेंबापायी टिंगल व्हायची तिला नोकरीही थेंबांचीच मिळाली होती. वेल्डर लोक तोंडावर जे हेल्मेट चढवतात, त्याच्या खिडकीतली काच तिचा कारखाना बनवायचा. ही काच एरवी हिरवट चष्म्यासारखी आरपार दिसते; ठिणगी पडली की पापणी लवायच्या आत काळीकुट्ट होते. करामत काचेची नसते, दोन काचांच्या फटीत कोंडलेल्या लिक्विड क्रिस्टलची असते. मोठा दुटप्पी पदार्थ. वाहतो तेलासारखा, पण आत त्याचे काडीसारखे लांबट रेणू शाळेच्या रांगेसारखे एका दिशेनं तोंड करून असतात. वीज दिली की सगळे वळून ताठ उभे राहतात आणि उजेडाची वाट बंद होते. वीज काढली की पुन्हा आडवे, पुन्हा उजेड. तो थेंब काचांच्या फटीत बुडबुडा न येऊ देता भरायचा, हे थेंबाबाईचं काम. तिच्या हातून थेंब वाया गेल्याचं कारखान्याच्या प्रयोगशाळेत कुणाला आठवत नव्हतं.

दोष एकच. गारठ्यात हा पदार्थ माणसासारखा वागतो. सांगितलेलं ऐकतो, पण उठायला वेळ लावतो.

आणि गारठ्याची गाठ पडली होती नणंदेशी.

नणंदेला सगळे ताई म्हणत. ताई वेल्डर होती. कोल्ड स्टोरेजच्या थंड खोल्यांमधले पाइप जोडायचे, गळके दुरुस्त करायचे, हे तिच्या कंपनीचं काम. आणि टाके मारण्यात तिथे ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. टाका म्हणजे दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला मारलेला वेल्डिंगचा छोटासा ठिपका. एका पाइपाला असे कितीतरी. जुन्या काळच्या हेल्मेटला दर टाक्याला मान झटकून झडप पाडावी लागायची, आणि वर्षानुवर्षं मान झटकून ताईच्या मानेचा मणका कामातून गेला होता. त्यामुळे तिला हे आपोआप काळं होणारं हेल्मेटच चालायचं. पण थंड खोलीत त्याची काच उशिरा काळी व्हायची. घातक किरण काच कायमच अडवते, म्हणून डोळे शाबूत होते. पण दर टाक्याला आधी एक पांढरा लखलखाट डोळ्यांत घुसायचा आणि मग अंधार. दिवसभर तेच. संध्याकाळी घरी आली की ताई पडदे ओढून, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडायची.

"तुमची काच म्हणजे ना," ती फडक्याखालून म्हणाली, "चोर गेल्यावर भुंकणारं कुत्रं आहे."

"खोलीचा गारवा जरा कमी करायला सांगा की, ताई."

"कोल्ड स्टोरेजला? वा! उद्या माशालाही सांग, जरा कोरडा राहा."

सासूबाईंना यात कसली चिंता ते कळत नव्हतं. डोळ्यांचा त्रास बघून सुपरवायझरनं ताईला पुढच्या महिन्यापासून स्टोअरच्या खिडकीवर बसायला सांगितलं होतं. पगार तोच, वर खुर्ची. "बस ना गं," त्या म्हणाल्या. "सावलीत काम, बसून पगार. लोकं नवस बोलतात अशा नोकरीसाठी."

"आई, बोल्ट मोजत खुर्चीवर बसवलंत तर मला मोड येतील."

सगळे हसले. मग ताई फडकं न काढता, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मी जोडलेला पाइप गळत नाही. मला एवढंच येतं. आता या वयात मी खिडकीतून नट वाटायला शिकू?" थेंबाबाई उठली, फडकं पुन्हा ओलं करून आणलं आणि पिळताना ते बादलीवर पिळलं, म्हणजे पाणी झाडांना होईल.

प्रयोगशाळेत या गारठ्यावरच काम चाललं होतं. तिथले प्रमुख डॉक्टर. डॉक्टर म्हणजे पीएचडीवाले. जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती, तरी शेजारीपाजारी त्यांना खोकल्याचं औषध विचारायचे आणि ते संकोचानं सांगायचेही. त्यांची कल्पना अशी, की लिक्विड क्रिस्टलमध्ये चिमूटभर नॅनोकण मिसळायचे. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतकी बारीक पूड. या पुडीच्या प्रत्येक कणाला विजेचं एक टोक अधिक, एक उणे, म्हणून वीज आली की तो आधी सावध होतो. "सभेत दोन-चार उत्साही माणसं ताडकन उठली," डॉक्टर समजावायचे, "की बाकीचे आळशीही उठतात. तसं." कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेलकट लेप दिलेला असायचा. "कारण हे कण म्हणजे नातेवाईक. एकटेदुकटे आले तर कामाला हात लावतात, घोळक्यानं आले तर कामाचा विचका."

आले ते घोळक्यानंच. दर चाचणीला दोन काचा भरायच्या: एक कणवाली, एक साधी. साधी कशाला, तर तुलनेला. वजनाच्या काट्यात दगड ठेवतात तशी. दोन्ही काचा शीतकपाटात ठेवायच्या, वीज द्यायची आणि कोणती किती लवकर काळी होते ते यंत्रावर बघायचं. कणवाली काच साधीपुढे कधी जाईना. कधी बरोबरीत, कधी मागेच. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आत माश्या बसल्यासारखे ठिपके. डॉक्टरांनी कण वाढवून पाहिले, घटवून पाहिले, लेप बदलून पाहिला. फसलेलं प्रत्येक मिश्रण, नियमाप्रमाणे, टाकाऊच्या ड्रममध्ये.

नियम डॉक्टरांचा होता. ड्रमपर्यंत जाणारे पाय थेंबाबाईचे होते. ती बाटली घेऊन ड्रमपाशी जायची, झाकणाला हात लावायची, आणि बाटली घेऊनच परत यायची. हातमोज्यांच्या खोक्यामागे तिची एक रांग तयार झाली होती. लिक्विड क्रिस्टल म्हणजे काही नळाचं पाणी नव्हतं. अंगठ्याएवढी बाटली आली तरी लोक दोन्ही हातांनी धरायचे. ते ओतून द्यायचं तिला पटायचंच नाही.

मग एक दिवस मालकांकडून निरोप आला. सोमवारपासून शीतकपाट दुसऱ्या विभागाला द्यायचं. चाचण्या खूप झाल्या, आता आवरा.

"शनिवारी शेवटची," डॉक्टर म्हणाले.

थेंबाबाईच्या डोळ्यांपुढे कपाट नव्हतं, स्टोअरची खिडकी होती, आणि त्या खिडकीत बसलेली ताई.

शनिवारी काचा भरायला बसली तेव्हा साधा द्रव संपला होता. म्हणजे एक बाटली होती, पण सीलबंद, शेवटची. सील तोडायला तिनं पातं हातात घेतलं आणि खाली ठेवलं. खोक्यामागून जुनी बाटली काढली. कितीतरी दिवस न हलवता उभी असल्यानं तळाला पिठासारखा गाळ बसला होता आणि वर नेहमीचाच दुधट द्रव, अगदी नव्या बाटलीतल्यासारखा. कण सगळे खाली गेले. म्हणजे वरचा पुन्हा साधा झाला की! ज्याचा गाळ बसला ते पाणी आपण पितोच ना? तिनं गाळाला धक्का न लावता वरचा द्रव अलगद ओढून घेतला आणि साधी काच भरली. सीलबंद बाटली वाचली. त्या दिवसातला तेवढाच आनंद.

दुपारी यंत्रावर रेघ उमटली आणि डॉक्टर खुर्चीतून उठले.

"हे काय?"

साधी काच कणवालीच्या कितीतरी आधी काळी झाली होती. त्यांनी चाचणी पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्यांनी चष्मा पुसला, काचा उलटसुलट करून पाहिल्या, आणि मग त्यांचा चेहरा उजळत गेला.

"अगं, लेबलं उलटी लावलीस तू! ही साधी नाही, ही कणवाली! आणि ती जिंकली! जन्मात पहिल्यांदा चूक केलीस आणि तीही काय मुहूर्तावर!" ते कागद घेऊन मालकांकडे निघालेसुद्धा.

थेंबाबाई जागेवर उभी राहिली. लेबलं उलटी नव्हती. तिच्या हातून लेबल उलटं लागत नाही. तिनं मनातल्या मनात जमाखर्च मांडला. गप्प राहिलं तर जमेला: कपाट राहतं, काम राहतं, डॉक्टर खूश, आणि ड्रमची चोरी झाकली जाते. खर्चाला एकच गोष्ट, पण ती सगळं गिळून टाकणारी. आता हेल्मेटची काच भरायची म्हटली की डॉक्टर ज्याला जिंकलेलं समजतायत तेच मिश्रण भरायला सांगणार. ते ठिपक्यांचं, गुठळ्यांचं. ते हेल्मेट ताई थंड खोलीत घालणार, टाका मारणार, आणि लखलखाट तसाच डोळ्यांत घुसणार.

ती जिन्यापर्यंत धावली.

"डॉक्टर, लेबलं बरोबर आहेत."

डॉक्टरांचा एक पाय वरच्या पायरीवर होता. "मग?"

"साधी काच साधी नाहीये."

तिनं सगळं सांगितलं. खोका, हातमोजे, बाटल्यांची रांग, गाळ, वरचा द्रव.

"म्हणजे मी ड्रममध्ये टाक म्हटलेलं तू खोक्यामागे ठेवलंस."

"हो."

"आणि तेच साधं म्हणून तुलनेला घातलंस."

"आजच. कण सगळे खाली बसले होते. वर काही दिसत नव्हतं हो."

"दिसत नव्हतं? नॅनोकण आहेत ते, बाई! दिसायला लागले तर मी त्यांना नॅनो कशाला म्हणू?"

मग त्यांनी तिला धारेवर धरलं. तुलनेचा दगडच पोकळ निघाला तर काट्याचा काय उपयोग, इतके महिने काम करून एवढं कळू नये, असंच चालायचं असेल तर प्रयोगशाळेला टाळं लावू आणि लोणी विकू. थेंबाबाई मान खाली घालून ऐकत होती. रागावणं तिला पटत होतं, म्हणून ऐकणं सोपं जात होतं. पण बोलता बोलता डॉक्टरांचा आवाज उतरू लागला. वाक्यं अर्धी राहू लागली.

"थांब. खाली काय बसलं म्हणालीस?"

"गाळ."

"गाळ म्हणजे गुठळ्या. जड ते खाली गेले. आणि वर जे तरंगत राहिले ते..."

"एकटेदुकटे नातेवाईक," थेंबाबाई म्हणाली.

डॉक्टर पायरीवरच बसले. "मी कण वाढवत बसलो, घटवत बसलो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आणि घोळका दारातच अडवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळी वरात आत घेतली."

मग उठले आणि हात पुढे केला. "ती सीलबंद बाटली आण. आता खरी साधी काच भरायची."

"पूर्ण बाटली फोडायची?"

"पूर्ण. आणि तूच फोडायचीस. ही शिक्षा समज."

तिनं सील तोडलं तेव्हा डोळे मिटून घेतले, असं डॉक्टर नंतर सगळ्यांना सांगत. ती ते नाकारते. काचा तीन भरल्या: खरी साधी, गुठळ्यांची, आणि जुन्या बाटलीच्या वरच्या द्रवाची. शीतकपाटात खरी साधी रखडत काळी झाली. गुठळ्यांची तिच्याही मागे राहिली. तिसरी दोघींच्या कितीतरी आधी मिटली. डॉक्टरांनी काचांच्या जागा बदलून पाहिल्या, दुसऱ्या जुन्या बाटलीतला द्रव भरून पाहिला. तिसरी ती तिसरीच.

मालकांना त्यांनी खरं तेच सांगितलं, खोक्यामागच्या रांगेसकट. मालक म्हणाले, म्हणजे तुमचा शोध कचऱ्यातून निघाला. डॉक्टर म्हणाले, निघाला कचऱ्यातून, पण कचरा टाकला नव्हता म्हणून. शीतकपाट राहिलं. प्रयोगशाळेचा नियमही राहिला: फसलेलं मिश्रण ड्रममध्येच जायचं. फक्त त्याआधी ते काही दिवस न हलवता उभं राहील, आणि वरचा द्रव थेंबाबाई काढून घेईल.

नव्या काचेचं पहिलं हेल्मेट आधी कारखान्याच्या वेल्डरनं घालून पाहिलं, आणि मग एका सकाळी थेंबाबाई ते पिशवीत घालून कोल्ड स्टोरेजला घेऊन गेली. तिला तिथे मोठ्ठा कोट दिला, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. थंड खोलीत शब्दाबरोबर तोंडातून वाफ निघत होती. ताई एका पाइपाशी उकिडवी बसली होती, जुनं हेल्मेट शेजारी ठेवून कपाळ दाबत.

"आलीस? काय आणलंस, उरलेलं तेल?"

"घालून तर बघा, ताई."

"घरी तूच म्हणालीस ना, कचऱ्यातून निघालेली काच आहे ही. माझ्याच नशिबी शिळं का?" असं म्हणत ताईनं हेल्मेट हातात घेतलं, वजन पाहिलं, खिडकीतून भावजयीकडे पाहिलं. "तू हिरवी दिसतेस. पण तशी नेहमीच दिसतेस थंडीत."

"डॉक्टर म्हणाले, हे कण पुढे एकमेकांना चिकटतील की नाही, ते अजून माहीत नाही. वर्षभर बघायला लागेल."

"वर्षभर पुढचं पुढे. आजचं बघू."

ताईनं हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला, वेल्डिंगचा होल्डर उचलला. थेंबाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघायची नसते हे तिला घरातच शिकवलं गेलं होतं. भिंतीवर निळा उजेड फडफडला. विझला. ती ऐकत उभी राहिली. आता शिवी येईल, किंवा चुकून कौतुक, किंवा निदान काहीतरी.

भिंतीवर पुन्हा उजेड. पुन्हा. मग सावली सरकली. ताई पाइपाच्या दुसऱ्या बाजूला गेली असावी. टाका, टाका, जरा थांबून पुन्हा टाका. पूर्वी दर दोन-तीन टाक्यांनी ती थांबायची, हेल्मेट वर करून डोळे चोळायची. हे तिनंच कितीदा घरी करून दाखवलं होतं. आता मधे थांबण्याचा आवाजच नव्हता. खोलीत फक्त चरचर, आणि धातूचा जळका वास. थेंबाबाईचे पाय गारठले, मग गुडघे गारठले, मग तिनं कोटाच्या लोंबत्या बाह्यांत हात आणखी आत ओढून घेतले.

दार उघडून, डोळ्यांवर हात आडवा धरून सुपरवायझर आत डोकावला. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. "ताई, स्टोअरच्या किल्ल्या. एकदा बघून घ्या म्हटलं, पहिल्या तारखेपासून तुम्हालाच..."

उजेड थांबला नाही. हेल्मेटही वर झालं नाही. भिंतीवरच्या सावलीत होल्डरचा हात होता तिथेच राहिला; मोकळ्या हातानं ताईनं त्याला असं काही हाकललं, जसं ओट्यावरून मांजराला हाकलतात. सुपरवायझरनं थेंबाबाईकडे बघितलं. थेंबाबाईनं खांदे उडवले. त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि दार हलकेच लोटून घेतलं.

पाइप पूर्ण झाल्यावर ताई उठली. हेल्मेट वर केलं, जोडावरून बोट फिरवलं, पुढचा पाइप ओढून घ्यायला वळली आणि दचकली.

"अगं बाई! तू अजून इथेच? मी विसरलेच तुला!"

थेंबाबाईचे दात वाजत होते, तरी ती हसली. इतक्या दिवसांत मिळालेली ही पहिली पावती होती आणि तिला ती पुरेशी वाटली. "कशी आहे काच?"

"कुठली काच?" ताई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं हेल्मेट काढून हातात घेतलं, खिडकीवरून अंगठा फिरवला, नाकाशी धरून उगाच वास घेतल्यासारखं केलं. डोळ्यांना आज पाणी सुटलेलं नव्हतं. "बरी आहे. शिळ्याच्या मानानं बरी आहे." मग हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवत, दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखं म्हणाली, "माझ्या जोडीला अजून दोघी आहेत पलीकडच्या खोलीत. त्यांच्यापुरतं निघेल का गं तुझ्या बाटलीत?"

"निघेल," थेंबाबाई म्हणाली. "पुरवून वापरलं तर निघेल."

"मग जा ना, इथे कुडकुडत काय उभी आहेस? आणि ऐक, जाताना त्या किल्लीवाल्याला सांग, खुर्ची माझ्या आईला पाठव म्हणावं. तिला फार आवडलीय ती."

थेंबाबाई भिंतीकडे तोंड करून दारापर्यंत गेली. पाठीमागे निळा उजेड पुन्हा फडफडू लागला होता.